गप्प केलेला राउटर

ऑपरेटरबाईंबद्दल चांगलं बोलणारी माणसं आमच्या हॉस्पिटलात हवी तेवढी मिळतील. बाईंवर लिहायचं तर त्या माणसांपैकीच कुणीतरी लिहायला हवं होतं. पण मी लिहितोय, कारण बाईंना माझ्याइतकं बारकाईनं कुणी पाहिलेलं नाही. ज्याच्यावर आपण जळतो त्याच्यावरून आपली नजर हटत नाही. सहा वर्षं मी त्यांच्याकडे पाहत होतो, आणि त्यातली पाच वर्षं जळत होतो.

बाई मूळच्या टेलिफोन बोर्डावरच्या. हॉस्पिटलात शिरल्याबरोबर डाव्या हाताला एक काचेची खोली होती, तिच्यात बावीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्या बसल्या. कोणता डॉक्टर फोन उचलायच्या आधी खाकरतो, कोणत्या वॉर्डातली सिस्टर रागात असली की नंबर भराभर सांगते, हे सगळं त्यांना पाठ. मग बोर्ड गेलं, फोन आपोआप लागायला लागले आणि बाईंचं काय करायचं हा प्रश्न आला. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की यांना नेटवर्कच्या खोलीत बसवा, तक्रारींचे फोन घेतील. नेटवर्कची खोली म्हणजे माझी खोली. तळमजल्यावर, लाँड्रीच्या शेजारी, एका कपाटात राउटर घरघरत असतो ती.

आल्या तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. दोऱ्याला अडकवलेला चष्मा, एक स्टीलचा डबा आणि एक जाड रेघांची वही. लग्न केलेलं नव्हतं. थोरल्या बहिणीबरोबर राहायच्या. बहिणीला कमी ऐकू यायचं, त्यामुळे बाईंना दिवसभर हळू आणि घरी गेल्यावर मोठ्यानं बोलायची सवय. कधी कधी सकाळी पहिल्या वाक्याला आवाज खाली आणायला विसरायच्या आणि मी खुर्चीत दचकायचो.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "सर, हे यंत्र दिवसभर काहीतरी लिहीत असतं म्हणता ना, ते कुठे दिसतं?"

मी दाखवलं. राउटर म्हणजे हॉस्पिटलातल्या सगळ्या तारांचा नाका. कोणती तार जोडली गेली, कोणती सुटली, कोण आत शिरलं, कुणी पासवर्ड चुकवला, कुठे काय तापलं, हे सगळं तो स्वतःच्या पोटात ओळीनं लिहून ठेवतो. त्या ओळींना लॉग म्हणतात. पोट लहान असतं, म्हणून नवीन ओळी आल्या की जुन्या पुसल्या जातात. वीज गेली तर सगळंच पुसलं जातं. त्या ओळी दुसऱ्या मशीनवर कायमच्या साठवायची सोय करता येते. ती मी करणार होतो. दर वर्षी करणार होतो.

बाईंनी वही उघडली आणि त्या ओळी हातानं उतरवायला घेतल्या. बोर्डावर असताना पाळी संपली की दिवसभरात काय झालं ते वहीत लिहून पुढच्या बाईकडे द्यायची पद्धत होती म्हणे. इथे पुढची बाई नव्हती, पण त्यांची पद्धत काही सुटली नाही. मी हसलो. "बाई, यंत्र लिहितंय ते तुम्ही परत लिहिताय?"

"ते विसरतं ना, सर," त्या म्हणाल्या.

ओळींचा अर्थ मीच शिकवला. मोठ्या रुबाबात शिकवला, खोटं कशाला बोलू. प्रत्येक ओळीत एक आकडा असतो, शून्य ते सात. शून्य म्हणजे सगळं कोसळलं आणि सात म्हणजे नुसती बडबड. बाई म्हणाल्या, "उलटंच आहे की हे." मग वहीच्या मागच्या पानावर आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'आकडा जितका लहान, तितकी बोंब मोठी.' त्याखाली त्यांचा स्वतःचा कोश तयार होत गेला. पोर्ट म्हणजे तार खोचायचं भोक. पोर्ट गेलं, म्हणजे फोन खाली ठेवला. पोर्ट वर-खाली, वर-खाली, म्हणजे कुणीतरी वायरशी खेळतंय. पासवर्ड तीनदा चुकला, म्हणजे दारात चोर आहे नाहीतर विसराळू डॉक्टर. हे शेवटचं वाचून मलाही हसू आलं होतं. तोवर सगळं छान होतं.

बिनसलं ते एक्स-रेवरून. एक्स-रे विभागाची तार मधूनच सुटायची आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप जोडली जायची. मी वायर बदलली. पुन्हा बदलली. मग राउटरमधलं कार्ड बदललं. तीन आठवडे मी कपाटात डोकं घालून बसलो होतो, लाँड्रीतून उडत येणारे कापसाचे तंतू खात. एक दिवस बाई वही घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "सर, मी जरा जाऊन येते. हे फक्त सोमवारी, बुधवारी आणि गुरुवारी होतंय, अकराच्या सुमाराला."

वीस मिनिटांनी त्या परत आल्या. त्या तीन दिवशी बाह्यरुग्ण विभागातल्या फायली रेकॉर्ड रूमकडे परत जातात. रेकॉर्डकीपर आपली ट्रॉली एक्स-रेच्या कोपऱ्यात उभी करून चहाला जातो. ट्रॉलीचं मागचं चाक बरोबर वायरवर यायचं. चहा संपला, ट्रॉली हलली, की तार जोडली गेली.

रेकॉर्डकीपर स्वतःची चूक असूनही हा किस्सा सगळ्या हॉस्पिटलभर सांगत फिरला. आमच्या अधीक्षकांनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी, तो महिन्याच्या बैठकीत सांगितला. सगळे हसले, बाई लाजल्या, आणि साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही कार्ड बदललं होतं ना हो?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिक्षण माझं, प्रमाणपत्रं माझी भिंतीवर चार टांगलेली, अकरा वर्षं या खोलीत घातलेली मी, आणि वाहवा कुणाची, तर मीच अक्षरओळख करून दिलेल्या बाईंची.

त्यानंतर तक्रारीचा फोन मी उचलला की पलीकडून विचारायचे, "बाई नाहीत का?" आधी मला वाटायचं, आवाजाची सवय असेल. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई एकदा थेट खोलीत आल्या, माझ्या टेबलावरून पुढे गेल्या आणि बाईंच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बघा ना जरा, आमचे रिपोर्ट वॉर्डात उशिरा दिसतात." बाईंनी माझ्याकडे बोट केलं, "सरांना विचारा, मी नुसती वाचते." हे नम्र बोलणं तर मला आणखीच झोंबायचं. भाव खाल्ला असता तर मनातल्या मनात चार शिव्या तरी देता आल्या असत्या. बाईंनी तेवढीही सोय ठेवली नव्हती.

घरीही सुटका नव्हती. आमचं घरचं इंटरनेट एका रविवारी बंद पडलं. मी स्टुलावर चढून इंटरनेटचा डबा खाली काढत होतो आणि बायको खालून म्हणाली, "बाईंना फोन करून विचारू का?"

मी स्टुलावरून उतरलोच. "मी इथे काय करतोय?"

"तुम्ही काढताय ना खाली. मी म्हटलं त्या सांगतील काय झालंय ते."

त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला वाटलं पोट बिघडलं. पोटात दुखतच होतं, पण वेगळ्या कारणानं.

मग नव्या इमारतीचं निघालं. रस्त्यापलीकडे पाच मजले उभे राहत होते. दोन्ही इमारतींचं नेटवर्क एका माणसाच्या हाताखाली द्यायचं, त्याला 'प्रमुख' म्हणायचं, असं ठरलं होतं. सोळा वर्षं मी याच शब्दाची वाट पाहत होतो. वडील गेले तेव्हाही माझ्या मनात एक खंत होती की त्यांना मी कुठल्याच गोष्टीचा प्रमुख झालेला दिसलो नाही. तर एका मंगळवारी दुपारी मोठे साहेब आमच्या खोलीत आले. मला वाटलं आता सांगणार. ते माझ्याशी दोन शब्द बोलले आणि बाईंच्या समोरची खुर्ची ओढून बसले.

"बाई, नव्या इमारतीत कपाट कुठे ठेवायचं? तुमचं काय म्हणणं?"

बाई म्हणाल्या, "लाँड्रीजवळ नको, साहेब." आणि दोघं हसले. मग साहेब उठता उठता म्हणाले, "पुढच्या आठवड्यात नेमणुकीचा कागद काढतो. तुम्ही तयारीत राहा." हे वाक्य ते कुणाकडे बघून बोलले ते मला नक्की सांगता येणार नाही. मला ते बाईंकडे बघून बोलले असं दिसलं, आणि एकदा दिसलं ते दिसलं.

बाई साडेपाचला जायच्या. त्या गेल्यावर मी अर्धा तास नुसता बसून राहिलो. मग राउटरमध्ये शिरलो. कोणत्या आकड्यापर्यंतच्या ओळी लिहायच्या हे ठरवता येतं. आमचा राउटर सहापर्यंतचं सगळं लिहायचा. मी तिथे दोन केलं. म्हणजे छप्पर कोसळायची वेळ आली तरच तोंड उघड, एरवी गप्प. कुणाचं काही बिघडणार नव्हतं, तारा चालू राहणार होत्या. फक्त बाईंच्या वहीला उतरवायला काही उरणार नव्हतं. आणि शहाणपणा असा की बदल केला पण सेव्ह केला नाही. सेव्ह न केलेला बदल यंत्र एकदा बंद करून चालू केलं की आपोआप जातो. आठवडाभरानं, कागद निघाला की, एकदा बंद-चालू करायचं. ना खूण, ना पुरावा.

बुधवारी सकाळी बाईंनी चष्मा लावला, पडद्याकडे बघितलं, वही उघडली. मी तिरक्या नजरेनं बघत होतो. त्यांनी थोडं लिहिलं, मग पेन्सिल खाली ठेवली.

"आज फारच शांत आहेत मंडळी," त्या म्हणाल्या.

"चांगलंच आहे की," मी म्हणालो.

"हो, बरंच आहे." त्यांनी वही मिटली.

मला वाटलं होतं त्या कासावीस होतील. दहादा पडदा बघतील, मला विचारतील, चुकल्यासारख्या होतील. तसं काही झालं नाही. गुरुवारी त्यांनी फोन घेतले, टेबल पुसलं, बहिणीसाठी लोकर आणली होती तिचा गुंडा केला. शुक्रवारी तर एका फोनवर "सगळं ठीक आहे, काळजी करू नका" असंही सांगितलं. वहीत रोज तारीख आणि तिच्याखाली कोरं पान. माझ्या जिवाची घालमेल आणि बाई गुंडा करतायत! त्यांची किंमत कमी होण्याऐवजी त्यांना सुट्टी लागल्यासारखं झालं होतं. मी आतल्या आत चरफडत राहिलो.

शनिवारी सकाळी पावणेअकराला राउटर बंद पडला. प्रयोगशाळेचे रिपोर्ट वॉर्डात दिसेनात, औषधांच्या खोलीत पडदे कोरे, जिन्यावरून माणसं हातात चिठ्ठ्या घेऊन पळायला लागली. मी कपाट उघडलं तर गरम वाफ तोंडावर आली. पंखा लाँड्रीच्या तंतूंनी जाम झाला होता. हे एका दिवसात होत नाही. पंखा हळू झाला की राउटर तीन-चार दिवस आधीपासून ओरडत असतो, चार नंबरच्या ओळीनं, पुन्हा पुन्हा. चार म्हणजे इशारा. मी त्याला दोनवर बांधून ठेवलं होतं. अगदी शेवटी दोन नंबरची बोंब त्यानं मारली असेलही, पण ती कुणी बघायच्या आतच तो बंद पडला आणि पोटातलं सगळं पुसलं गेलं.

जुन्या, बाद झालेल्या राउटरचा पंखा काढून बसवेपर्यंत दोन वाजले. एक ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. कुणाला इजा झाली नाही, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल याचा हिशेब नाही. राउटर चालू झाला तो पुन्हा सहावर, पूर्वीसारखा बडबडत. माझा बदल नाहीसा झाला होता. मला लाज वाटायला हवी होती. हायसं वाटलं.

सोमवारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत डॉक्टरीणबाई होत्या, बाई वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी.

"आधी काही कळलं नाही?" साहेबांनी मला विचारलं.

"नाही, साहेब. सेटिंग सगळं जागेवर आहे, तुम्ही कुणालाही तपासायला सांगा. यंत्रानं काही इशाराच दिला नाही." शब्द न् शब्द तपासून बोललो होतो.

साहेब बाईंकडे वळले. "तुमच्या वहीत?"

"बुधवारपासून काही नाही, साहेब. कोरी पानं आहेत."

"चार दिवस कोरी? एरवी तुम्ही पान पान भरता. मग तुम्हाला संशय नाही आला? कुणाला बोलला का नाहीत?"

डॉक्टरीणबाईही बाईंकडे बघायला लागल्या. मला कळत होतं की हे सगळं आता बाईंच्या अंगावर चाललंय, आणि मी खुर्चीच्या हातावरची फट नखानं उकरत होतो. आतून कुणीतरी म्हणत होतं, चालू दे.

बाईंनी वही उघडली आणि साहेबांसमोर धरली. "हे बघा ना. मंगळवारी शेवटची ओळ ही. सहा वाजून सात मिनिटं, सर आत गेले. नाव आहे सरांचं. त्यानंतर सगळे गप्प."

राउटरमध्ये कुणीही शिरलं की पहिली ओळ त्याच्या नावाची पडते. मी बदल करायच्या आधीच ती पडली होती. सोळा वर्षं रोज आत जाणाऱ्या माणसाला आपलं दार वाजतं हे लक्षातच येत नाही. राउटरच्या पोटातून ती शनिवारी पुसली गेली होती. वहीतून नाही.

मला वाटलं, पकडलं मला बाईंनी. पण त्यांनी मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं.

"सरांनी केलंय म्हणजे काही कारण असणार, साहेब. एखादी चाचणी वगैरे. दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर मी लगेच ओरडले असते. सरांचं होतं म्हणून निर्धास्त राहिले."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "चाचणी होती का?"

"हो, म्हणजे..." मी म्हणालो. वाट समोर उघडी होती, बाईंनीच उघडून दिलेली.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण बाई, तरी तुम्ही विचारायला हवं होतं. चार दिवस म्हणजे काय? याची नोंद मला तुमच्या नावावर करावी लागेल. आणि नव्या इमारतीचं मग..." ते थांबले.

"विचारायला हवं होतं, साहेब," बाई म्हणाल्या. "चुकलंच माझं." आणि त्यांनी खरोखरच वहीत पेन्सिलीनं तसं लिहायला घेतलं.

सोळा वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या हातात पडत होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. पण ती पेन्सिल चालताना बघवेना.

"चाचणी नव्हती," मी म्हणालो. "बाईंची वही बंद पडावी म्हणून केलं मी. मुद्दाम."

बाई लिहायच्या थांबल्या. रागावतील, रडतील, काहीतरी तोडून बोलतील, असं वाटलं होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, एखादी ओळ पहिल्यांदाच बघतोय आणि तिचा अर्थ लागत नाही, तशा.

"माझी?" त्या म्हणाल्या. आवाज खाली आणायला विसरल्या होत्या, चांगलाच मोठा आला. "माझी कशाला, सर? माझ्याकडे काय होतं?"

 

पुढचं थोडक्यात सांगतो. दोन्ही इमारतींचं काम बाईंकडे गेलं. मला काढलं नाही, कारण हातानं करायचं काम कुणाला तरी यायला हवं आणि बाईंनीच तसं साहेबांना सांगितलं, असं मला रेकॉर्डकीपरकडून कळलं. ओळी कायमच्या साठवणारं मशीन मी त्याच महिन्यात बसवलं. बाई अजून मला सरच म्हणतात. काही अडलं तर अजून मलाच विचारतात. लोक त्यांच्याकडे येतात, माझ्या टेबलावरून पुढे जातात, आणि मला अजूनही झोंबतं. ते गेलेलं नाही, गेलं असं लिहिलं तर खोटं होईल.

फक्त एक बदललं. रोज साडेपाचला बाई डबा पिशवीत ठेवतात, चष्मा उतरवतात, दारापर्यंत जातात आणि मागे वळून अगदी साध्या आवाजात विचारतात, "सर, आज आत काही बदललंत का?"

मी नाही म्हणतो. त्या मान हलवतात, आणि परत येऊन एकदा पडद्याकडे बघून मगच घरी जातात.